चॉकलेट घरात असताना ‘संपलं’ म्हणावं का?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, मुलगा दोनचा होईल. गोडाचा हट्ट टाळायला आम्ही घरात सर्रास थापा मारतो. ‘चॉकलेट संपलं’, ‘आज दुकान बंद आहे’, ‘ते मोठ्यांचं औषध आहे’ आणि फारच झालं तर ‘डॉक्टरकाका सुई टोचतील’. दोन वर्षं हे छान चाललं. गेल्या महिन्यात मुलीला कचऱ्याच्या डब्यात चॉकलेटचा ताजा कागद सापडला. तेव्हापासून ‘संपलं’ म्हटलं की ती खुर्ची ओढून कपाट तपासते. परवा तर तोंड चॉकलेटनं माखलेलं असताना ‘मी नाही खाल्लं’ म्हणाली. नवरा म्हणतो, एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही, सगळेच आईबाप मारतात थापा. सासूबाईंचंही तेच, शिवाय त्या तिला माझ्या नकळत गोड देतात. खरं सांगावं तर रोज रडारड, खोटं सांगावं तर हे असं. काय करू?

उत्तर : आधी मनातली टोचणी कमी करू. मुलगी ‘मी नाही खाल्लं’ म्हणाली ती तुमच्यामुळेच, असं नाही. अडीच-तीन वर्षांपासून बहुतेक मुलं असं बोलून बघतात, ज्यांच्या घरी कुणी कधी खोटं बोलत नाही तीसुद्धा. (अशी घरं किती, हा प्रश्न वेगळा.) आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसू शकतं, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होते. खोटं बोलायला ती लागते आणि दुसऱ्याचं खोटं पकडायलाही तीच. दोन वर्षं चाललेली तुमची युक्ती आत्ताच का फसली, याचं उत्तर त्यात आलं.

पण नवऱ्याचं ‘काही होत नाही’ हे तितकंसं खरं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ३ ते ७ वयाच्या १८६ मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या काही मुलांना ‘शेजारच्या खोलीत गोड गोळ्यांनी भरलेलं मोठं भांडं आहे’ असं सांगून आत बोलावलं आणि मग ‘भांडं वगैरे काही नाही, तू यावंस म्हणून म्हटलं’ असं सांगून टाकलं. पुढे सगळ्याच मुलांना एका खेळण्याकडे वळून बघू नकोस असं बजावून खोलीत एकटं सोडलं. शाळकरी वयातल्या (५ ते ७ वर्षांच्या) ज्या मुलांना फसवलं होतं, त्यांनी जास्त प्रमाणात चोरून पाहिलं आणि ‘नाही पाहिलं’ असंही जास्त प्रमाणात सांगितलं. त्याहून लहान मुलांत मात्र असा फरक दिसला नाही. तुमची मुलगी अजून त्या लहान गटात आहे, पण लवकरच मोठ्या गटात जाईल. सिंगापूरमधल्या तरुणांचा २०२० चा एक अभ्यासही या बाबतीत हमखास पुढे केला जातो: लहानपणी आईवडिलांनी खूप थापा मारल्या असं सांगणारे मोठेपणी आईवडिलांशी जास्त खोटं बोलताना आढळले. पण तो आठवणींवर बेतलेला आहे, कशामुळे काय झालं ते त्यातून ठरत नाही. चॉकलेटच्या चार थापांनी मुलगी बिघडली, असं कुणी म्हणालं तर तिकडे लक्ष देऊ नका.

आमची हरकत नीतीपेक्षा उपयोगावर आहे. ‘संपलं’ म्हणताना तुम्ही मुलीला सांगता की चॉकलेट मिळत नाही ते साठा नाही म्हणून. तुमच्या निर्णयाचा त्यात संबंधच नाही. मग साठा सापडला की बंदी उठली! खुर्ची ओढून कपाट तपासणारी मुलगी तुमचं म्हणणं मोडत नाही, तुम्ही दिलेलं कारण तपासून बघते आहे. तिचं काही चुकत नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्र रंगवायला बसवलं. खडू झिजलेले होते. ‘थोडं थांब, मी चांगले घेऊन येतो’ असं सांगून मोठा माणूस बाहेर गेला. निम्म्या मुलांना चांगलं सामान खरंच मिळालं, उरलेल्यांना ‘अरे, नाहीच आहे’ असं ऐकावं लागलं. दुसऱ्यांदा स्टिकरच्या बाबतीतही तेच झालं. मग प्रत्येकासमोर एक मार्शमॅलो (साखरेची मऊ, स्पंजासारखी मिठाई) ठेवला: आत्ता खाल्लास तर एक, पाव तास थांबलास तर दोन. शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी जेमतेम ३. मुलांचा धीर समोरच्या माणसावरच्या भरवशावर इतका अवलंबून असतो. ‘उद्या देते हं’ म्हणून वेळ मारून नेलेल्या घरात मूल हावरटासारखं वागतं, कारण आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्यानं अनुभवानं शिकलेलं असतं.

तुम्ही लिहिलेल्या चारही थापा सारख्या नाहीत. ‘ते मोठ्यांचं औषध आहे’ ही आजच बंद करा. ते ‘औषध’ तुम्ही चवीनं खाताना ती कधीतरी बघेल, किंवा स्वतः चाखेल आणि ते गोड लागेल. मग खरं औषध हाती लागलं तर तेही तोंडात घालायला तिला भीती का वाटावी? गोडाला औषध म्हणू नये, तसंच कडू गोळी घशाखाली उतरवताना औषधाला ‘चॉकलेट’ही म्हणू नये. विषबाधा टाळण्याच्या सल्ल्यांत ही सूचना असतेच. मुलगी खुर्ची ओढू लागली आहे, तेव्हा औषधं नुसती उंचावर ठेवून भागणार नाही, कुलूप लावा.

‘डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही तिच्याखालोखाल वाईट. चार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधारण बूस्टर लस येते. तेव्हा ती सुई तिच्या लेखी चॉकलेट खाल्ल्याची शिक्षा असेल. शिवाय पोट दुखत असेल तरी ती सांगायला बिचकेल. दातांच्या डॉक्टरांची भीतीही अशीच घरातून तयार होते आणि मग तपासणीसाठी तोंड उघडायलाच मूल तयार नसतं.

‘संपलं’ आणि ‘दुकान बंद’ या तुलनेनं किरकोळ. त्या निकामी झाल्या आहेत एवढंच.

एक शंका हमखास येते, म्हणून इथेच सांगतो: लपवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. डबा नजरेआड ठेवणं, मुलं झोपल्यावर तुम्ही दोघांनी चॉकलेट खाणं, त्याबद्दल आपण होऊन काही न बोलणं, यात काहीच गैर नाही. विचारल्यावर मात्र खरं सांगायचं. ‘तू खाल्लंस?’ असा प्रश्न आला तर ‘हो, एक तुकडा खाल्ला’. बास. खुलासा देत बसू नका.

आता किती द्यायचं ते ठरवू, कारण आकडा नसेल तर रोज नव्यानं घासाघीस होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. ब्रिटनच्या आरोग्य सेवेनं ४ ते ६ वर्षांसाठी कमाल १९ ग्रॅम सांगितले आहेत. चहाच्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, म्हणजे पावणेपाच चमचे. अख्खं फळ आणि साधं दूध यात धरायचं नाही.

दहा ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये साखर साधारण ५ ग्रॅम असते. दोन क्रीम बिस्किटांत ७-८ ग्रॅम, एक मोठा चमचा टोमॅटो केचपमध्ये ४ च्या आसपास. आणि २०० मिलिलिटर शीतपेय किंवा पाकिटातला रस? सुमारे २० ग्रॅम. ज्या तुकड्यासाठी एवढी थापेबाजी चालली आहे, त्याच्या चौपट साखर एका पेल्यात असते आणि तो पेला बहुतेक घरांत विनातक्रार दिला जातो. म्हणून कात्री आधी पेयांना लावा. पाणी आणि साधं दूध एवढंच ठेवलंत तर रोजच्या एका तुकड्यावरून भांडायची वेळच येणार नाही. पाकिटावर १०० ग्रॅममागे किती साखर ते छापलेलं असतं, त्यावरून आपल्या वाट्याचा हिशोब एकदा करा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

दातांचं गणित थोडं वेगळं आहे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या थरातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते सावरते, पण त्याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्यामुळे एका बैठकीत पाच तुकडे खाल्ले तर हा फेरा एकदा होतो, तासातासानं एकेक चघळला तर पाचदा. स्वीडनमध्ये १९४५ नंतर एका संस्थेतल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून हे पाहिलं गेलं. प्रयोग लाज आणणारा होता, पण जेवणाच्या मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट गोडानं दात सर्वाधिक किडतात हे त्यातून उघड झालं. तेव्हा गोड जेवणाबरोबर द्या, लॉलीपॉपसारखं तोंडात रेंगाळणारं टाळा, आणि रात्री ब्रश झाल्यावर काही नाही, कारण झोपेत लाळ कमी होते. तुम्ही म्हणाल, दातांचं खरं कारण मुलीला सांगावं का? सांगा, पण किडे दात कुरतडतात असं नको. ‘गोड दाताला फार वेळ चिकटून राहिलं तर दात खराब होतो, म्हणून आपण दिवसातून एकदाच खातो’ एवढं तिला कळतं.

हे सगळं धरून आमची सूचना अशी: रोज दुपारच्या जेवणात दहा ग्रॅमच्या आसपास एक तुकडा, पोळीभाजीच्या ताटातच वाढलेला. ती तो आधी खाईल. खाऊ द्या. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ ही अट घालू नका. तिच्यामुळे भाजी ही शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस, म्हणजे ज्याचं आकर्षण कमी करायचं त्याचाच भाव वाढतो. पहिले काही दिवस तुकडा संपवून ती जेवणावरून उठेलही. तुम्ही नुसतं ‘ताट इथेच आहे’ म्हणा. आठवडाभरात तुकडा रोज येतोच हे कळलं की ती घाई ओसरते.

आठवड्यातून एकदाच द्यावं असं बरेचजण सुचवतात. दातांना ते सोयीचं, पण साडेचार वर्षांच्या मुलीला रविवार फार लांबचा वाटतो. ‘तीन वाजता’ हेही तिला कळत नाही. कळतं ते ‘जेवताना’, ‘आंघोळ झाल्यावर’. महिनाभर रोजचं जमलं की हवं तर एक दिवसाआड करा आणि कॅलेंडरवर तिलाच खूण करू द्या.

सरसकट बंदी मात्र नको. अमेरिकेतल्या १९९९ च्या एका अभ्यासात शाळेआधीच्या वयाच्या मुलांना एक खाऊ समोर दिसेल पण घेता येणार नाही असा ठेवला. मुलं त्याच्याबद्दलच बोलत राहिली, मागत राहिली आणि मोकळीक मिळताच त्यावर तुटून पडली. म्हणून काचेच्या बरणीत भरून ओट्यावर ठेवणं हे सगळ्यांत वाईट. अपारदर्शक डबा, बंद कपाट आणि मुळातच खरेदी कमी. आठवड्यापुरतंच आणलंत तर शनिवारी ‘संपलं’ हे खरंच संपलेलं असेल.

मागणी आली की काय बोलायचं, हे घरातल्या सगळ्यांनी शब्दाला शब्द ठरवून घ्या. ‘हो, चॉकलेट आहे. आत्ता नाही. जेवताना एक तुकडा.’ आहे, नाही, कधी. तीन तुकड्यांचं वाक्य, प्रत्येक वेळी तेच. ‘बघू’, ‘नंतर’, ‘शहाण्यासारखी वागलीस तर’ हे शब्द वगळा, त्यांतून घासाघीस सुरू होते. दर वेळी नवं कारणही देऊ नका. प्रत्येक कारणाला तिच्याकडे उत्तर असतं. विशेषतः ‘गोड खाल्लंस की उधळतेस’ हे कारण तर खोटंच आहे: साखर दिली आहे की नाही हे मुलांना आणि पालकांना कळू न देता झालेल्या चाचण्यांत असा परिणाम दिसत नाही. १९९४ मध्ये तर साखर न देताच ‘मुलाला साखर दिली आहे’ असं आयांना सांगितलं, आणि मुलं फार चळवळ करताहेत असं त्यांना वाटलं.

रडणं होणार. पहिल्या आठवड्यात ते आधी वाढेल आणि मग कमी होईल, याची तयारी ठेवा. बहुतेक घरं नेमकी इथे हरतात. चौथ्या दिवशी वीस मिनिटं रडल्यावर दिलंत, तर वीस मिनिटं रडावं लागतं एवढाच धडा तिच्या पदरी पडतो आणि पाचव्या दिवशी ती तितकी रडते. द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीला द्या. नाही म्हटलंत तर मग नाहीच. रडताना जवळ बसा, ‘तुला आत्ताच हवंय, कळतंय मला’ एवढं एकदा म्हणा आणि गप्प राहा. समजावणं, दुसऱ्या खोलीत पाठवणं, मोबाइल हातात देणं यांतलं काहीच नको. वाढदिवस, लग्नकार्य असेल तर आधीच सांगा: ‘आज तिथे केक आहे, आज तो खायचा. उद्या पुन्हा जेवताना एक तुकडा.’ तिथे गेल्यावर घास मोजू नका.

कागद सापडल्याचं प्रकरण मात्र न बोलता मिटणार नाही. तिचं पोट भरलेलं असताना, कुणी रडत नसताना, दोन मिनिटांत उरका: ‘मी म्हणाले होते चॉकलेट संपलं. ते संपलं नव्हतं. तुला जास्त द्यायचं नव्हतं म्हणून तसं म्हणाले. आता असेल तर आहे असंच सांगेन, आणि कधी मिळेल तेही सांगेन.’ डोळ्यांत पाणी वगैरे आणू नका, ते तिला झेपत नाही. त्यानंतरही ती काही दिवस कपाट तपासेल. तपासू द्या. तुम्ही सांगितलं तेच आत दिसत गेलं की खुर्ची ओढणं आपोआप थांबतं.

आणि तिचं खोटं? उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारू नका. माखलेल्या तोंडाकडे बघून ‘चॉकलेट खाल्लंस का?’ म्हणणं म्हणजे तिला खोटं बोलायला जागा करून देणं. ‘तोंडाला चॉकलेट लागलंय, चल धुऊया. आजचा तुकडा झाला.’ इतकंच. जेवताना पुन्हा दिलं जाणार नाही. ती स्वतःहून ‘मी घेतलं’ म्हणाली तर ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, पण तुकडा तरी मिळणार नाहीच.

सासूबाईंच्या बाबतीत वाद घालण्यापेक्षा रोजचा तो तुकडा वाढायचं काम त्यांच्याकडेच द्या. गोड देण्याचा आनंद त्यांचा, वेळ आणि माप ठरलेलं. चोरून देण्यामागे बहुतेक वेळा एवढीच हौस असते. एका वाक्यावर मात्र तडजोड नको: ‘आईला सांगू नकोस हं.’ मोठ्या माणसानं लहान मुलाला आईपासून गुपित ठेवायला शिकवणं हे चॉकलेटपुरतं राहत नाही. उद्या दुसऱ्या कुणी वाईट हेतूनं ‘सांगू नकोस’ म्हटलं तर मुलानं धावत येऊन सांगायला हवं. हे नवऱ्यानं आईला सांगावं, तुम्ही नाही.

धाकट्यासाठी थापेची गरजच नाही. दोन वर्षांच्या आत वरून साखर घातलेलं काही देऊ नये, अशीच शिफारस आहे, आणि या वयात जे दिसत नाही ते लवकर विसरलंही जातं. ताईचा तुकडा बघून त्यानं मागितलं तर त्याच वेळी त्याच्या ताटलीत पिकलेल्या फळाची फोड ठेवा. रिकामी ताटली दाखवून ‘संपलं’ म्हणा, इथे ते खरं असतं. कडक गोळ्या तर चार वर्षांपर्यंत अजिबात नकोत, घशात अडकतात. ताईच्या हातूनही नाहीत.

दोघांचे दात सकाळी आणि रात्री फ्लोराइड पेस्टनं मोठ्या माणसानं घासून द्यावेत: त्याला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तिला वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांची होईपर्यंत तिच्या एकटीच्या हाताला ते नीट जमत नाही. घासताना ओठ वर उचलून हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग आहेत का ते बघा. ती किडण्याची पहिली खूण असते. दिसले तर दुखण्याची वाट न बघता दातांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तिथे जाताना ‘ते फक्त बघणार आहेत’ असं ठामपणे सांगू नका. ‘काय करतील ते तिथे गेल्यावर त्यांनाच विचारू’ असं सांगा.